बालवाडीचा पहिला आठवडा: पोरांची गट्टी कशी जमवायची

जूनमध्ये बालवाडी सुरू झाली की नवीन ताईंचा पहिला प्रश्न ठरलेला, रडणं कधी थांबणार? माझं म्हणणं, रडणं थांबवायच्या मागे लागूच नका. रडणाऱ्या पोराला वर्गातलं एक तरी पोर आपलं वाटलं पाहिजे, मग रडणं हळूहळू कमी होतं. आणि ते "सगळ्यांशी दोस्ती करायची हं" असं सांगून होत नाही, दोघांनी मिळून करायचं काम हातात दिलं की होतं. तीन ते पाच वर्षांची वीसेक पोरं आणि सोबत एक मदतनीस असं धरून लिहितेय.

सोमवारी काहीही शिकवायला काढू नका. आईला नाहीतर आजीला थोडा वेळ वर्गात बसू द्या, पण निघताना सांगून निघायला लावा, "खाऊ झाला की मी न्यायला येते" असं, आणि खरंच तेव्हा या म्हणावं. पोराची नजर चुकवून सटकलं की दुसऱ्या दिवशी ते पदर सोडतच नाही, कारण आई कधीही गायब होऊ शकते हे त्याला कळलेलं असतं.

मंगळवारी नावं. गोल बसवायचं, चेंडू घरंगळत सोडायचा आणि ज्याच्याकडे गेला त्याचं नाव सगळ्यांनी मोठ्याने घ्यायचं, बास. ज्याला बोलायचं नाही त्याला जबरदस्ती नको.

याच दोन दिवसांत पालक विचारतात, "आमचा कुणात मिसळतच नाही हो, एकटाच खेळतो". नीट बघा, तो एकटा नसतो, दुसऱ्याच्या शेजारी बसून आपलं आपलं खेळत असतो आणि मधूनमधून तिकडे बघत असतो. अमेरिकेत मिल्ड्रेड पार्टन यांनी बालवर्गातल्या मुलांचा खेळ बघून १९३२ साली हे मांडलं होतं, की एकट्याने खेळणं आणि मिळून खेळणं याच्या मध्ये हे शेजारी-शेजारी खेळणं येतं. म्हणजे तीन वर्षांच्या पोराचं अगदी बरोबर चाललंय, त्याला ओढून घोळक्यात बसवू नका, फक्त दोघांची बसकरं जवळ टाका.

बुधवार-गुरुवार मात्र मनापासून तयारी करा, खरं काम इथे आहे. दोन वाट्या कणीक, एक वाटी मीठ, चमचाभर तेल, रंगाला हळद, आणि पाणी तांब्यात वेगळं. दोन पोरांना एकच परात द्यायची, एकाने पाणी घालायचं, दुसऱ्याने मळायचं, मग अदलाबदल. मीठ भरपूर असतं म्हणून खायचं नाही हे आधीच सांगा आणि लक्ष ठेवा. पाणी जास्त होणारच, सगळा चिकट लगदा होतो, तेव्हा आपण धावायचं नाही! मळणारा पाणीवाल्याकडे बघतो, "अजून पीठ पायजे" म्हणतो, आणि दोघं मिळून पीठ मागायला येतात, याचसाठी सगळा खटाटोप. आमच्याकडे वीटभट्टीवरच्या कुटुंबातली एक पोरगी होती, मराठी येत नव्हती, दारापाशी बसून राहायची. परातीवर तिची जोडीदारीण भसाभसा पाणी ओतायला लागली तशी हिने तिचं मनगट धरलं, तांब्या थोडासाच कलता केला आणि मान हलवली, एवढंच बस. घरी कणीक मळताना बघितलेलं असणार. त्यानंतर खाऊला दोघी शेजारी.

विकतची खेळणी नाहीत म्हणून अडून बसू नका. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे ते कोसबाडला नेलं, आदिवासी पाड्यांवर अंगणात बालवाड्या भरवल्या, आणि दगड, शिंपले, पानं, बिया हेच त्यांचं साहित्य होतं. फक्त चिंचोके, मणी वगैरे बारीक वस्तू असतील तर देताना मोजा, परत घेताना मोजा, नाकातोंडात घालतात.

शुक्रवारपर्यंत पहिली कट्टी झालेली असते, कुणीतरी ढकललेलं असतं नाहीतर चावलेलं असतं. आधी ज्याला लागलंय त्याच्याकडे जायचं. ज्याने मारलं त्याला "सॉरी म्हण" म्हणून उभं करू नका, ते पोर शब्द टाकून मोकळं होतं. "बघ, लागलंय त्याला, ओलं फडकं आणतोस?" असं विचारा, बहुतेक वेळा धावत आणतात. नाही आणलं तर आपण आणा आणि त्याला बघू द्या. आणि सगळ्यांसमोर "हा मारकुटा आहे" असं एकदाही तोंडातून जाऊ देऊ नका, तो शिक्का पोराला वर्षभर चिकटतो.

शनिवारी अर्धा दिवस, सगळ्यांचा खाऊ एका पातेल्यात, चुरमुऱ्यांची भेळ वगैरे, आणि वाढायला दर वेळी वेगळी जोडी.

पोरं गेल्यावर वहीत एवढंच लिहा, कोण कुणाशेजारी आपणहून बसलं. ज्याचं नाव कुणाच्याच शेजारी आलं नाही त्याची परात सोमवारी सगळ्यात आधी मांडा, आणि जोडीला शांत स्वभावाचं, थोडं मोठं पोर द्या.