उरलेल्या कापडाच्या तुकड्यांचा एप्रन

शिवणाची हौस असेल तर घरात तुकड्यांची एक पिशवी असतेच, फेकवत नाही आणि उपयोगही होत नाही 😄 त्यातूनच हा एप्रन सजवायचा.

साधं जाडसर सुती कापड घ्या, ७० सेंमी रुंद, ८५ सेंमी लांब. आधी धुवून इस्त्री करा, नाहीतर शिवल्यावर आटतं, आणि तुकडेही धुवाच कारण एखादा लाल रंग सुटला की सगळ्या मेहनतीवर पाणी.

कापड उभं दुमडा, वरच्या कडेला घडीपासून १४ सेंमी आणि मोकळ्या कडेला वरून २५ सेंमीवर खूण करा, दोन्ही गोलाईत जोडून कापा, झाली बगल.

आता खरी मजा, म्हणजे खिसा. २५ बाय २० चा तुकडा घ्या, त्यावर पानं, फुलं, नुसते चौकोन, जे सुचेल ते टाचणीने लावून बघा, थोडं लांबून बघा, मग कडेने दाट झिगझॅग मारा म्हणजे धागे सुटत नाहीत. मशीन नसेल तर कडा आत दुमडून हातटाका घाला, मला तर तेच जास्त आवडतं. सजावट झाल्यावरच खिसा एप्रनवर लावा, उलट केलंत तर खिसाच शिवून बंद होतो (केलंय मी हे).

बाकी कडा १-१ सेंमी दोनदा दुमडून टीप, बगलेत हळू ओढत. गळ्याला ६० सेंमीची पट्टी, कमरेला ८५ च्या दोन नाड्या, जोडावर चौकोनी टीप मारा.