दम्याच्या पंपाचा गुण येत नाही? आधी या चुका टाळा

स्पायरोमेट्रीच्या, म्हणजे फुंकून फुफ्फुसांची ताकद मोजायच्या तपासणीच्या खोलीत "मॅडम, पंपाने काही फरकच पडत नाही" हे मी सतत ऐकते. बहुतेकदा औषध बरोबर असतं, घोळ वापरात असतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे तपासणीआधी पंप मारून येणं. एका शिक्षिकेने दुसरीकडे तपासणीला जाताना, जिना चढून धाप लागू नये म्हणून दारातच दोन पफ घेतले. पहिल्या सेकंदात फुंकलेली हवा भरली २.१० लिटर, तपासणीत दिलेल्या पंपाच्या औषधानंतर २.१८. कागदावर 'प्रतिसाद नाही'. म्हणजे दमाच नाही असं धरून त्यांनी रोजचा स्टिरॉइडचा पंपही सोडला आणि पुढे रात्री बसून काढायची वेळ आली. आमच्याकडे तपासणीआधी साल्ब्युटामॉल (निळ्या पंपातलं, पटकन मोकळं करणारं औषध) चार तास थांबवलं, तर आधी १.७२ आणि ४०० मायक्रोग्रॅमनंतर पंधरा मिनिटांनी २.१२. मोठ्यांमध्ये २०० मिलिलिटर आणि १२ टक्के, दोन्ही ओलांडले की प्रतिसाद धरतात. इथे वाढ ४०० मिलिलिटर होती, २३ टक्के! औषध त्याआधीच काम करून बसलं असेल तर मशीन दाखवणार काय? जास्त वेळ टिकणारी औषधं किती तास थांबवायची ते डॉक्टरांना विचारा. आणि त्या सकाळी खरंच धाप लागली तर पंप घ्या, तपासणी पुढे ढकलता येते.

दुसरी, मला चीड आणणारी चूक: फक्त निळ्या पंपावर दिवस काढणं. साल्ब्युटामॉल काही मिनिटांत श्वासनळीचे आवळलेले स्नायू सैल करतं, चार-सहा तास टिकतं, पण आतली सूज तशीच राहते. वर्षात असे तीन पंप संपले तर दम्याच्या झटक्याचा धोका वाढलेला असतो. रोज भरपूर वापरला की गुणही कमी येतो. 'सूज कमी करणारं (स्टिरॉइडचं) नको, पटकन मोकळं करणारं द्या' हा हट्ट सोडा.

पंप हलवून घ्या. पफ दाबताना श्वास सावकाश ओढा, मग दहा सेकंद रोखा. स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावा, मोठ्यांनीही. रोटाहेलरला (पावडरचं औषध ओढायच्या साधनाला) मात्र जोरात, खोल ओढायचं, आणि त्यात फुंकर मारायची नाही. रोटाकॅप (त्यात घालायची पावडरची कॅप्सूल) गिळणारे अजूनही भेटतात. ती गिळायची नसते.

काचबिंदूसाठी टिमोलॉलचे थेंब चालू असतील तर डॉक्टरांना सांगाच, ते पंपाचं काम अडवतात आणि दमा वाढवू शकतात. पफ घेऊनही वाक्य पूर्ण बोलता येत नसेल तर घरी वाट बघू नका, लगेच कॅज्युअल्टी गाठा.