मोडी कागदांचे स्कॅन स्वच्छ करणारा सी प्रोग्राम

बडोद्यातील जुन्या मराठी घरांत संस्थानकाळचे मोडी कागद अजूनही निघतात: कुठे इनामाची सनद, कुठे घरखर्चाची वही, कुठे गायकवाडी दप्तराशी झालेला पत्रव्यवहार. त्यांचे स्कॅन काढले, तरी पिवळा पडलेला कागद, घडीची सावली आणि पुसट शाई यांमुळे अक्षर लावणे जड जाते. असा स्कॅन घेऊन कागद पांढरा आणि शाई काळी करून देणारा, टर्मिनलवरून चालणारा छोटा प्रोग्राम सी भाषेत कसा लिहावा, ते येथे मांडले आहे. पॉइंटर, मॅलॉक आणि फाइल वाचणे वाचकाला येते, असे धरले आहे.

जेपेग उलगडण्याचे काम स्वतः लिहिण्याच्या फंदात पडू नये. आयमेजमॅजिकसारख्या साधनाने स्कॅनचे आधी पीजीएम फाइलमध्ये रूपांतर करावे, म्हणजे प्रत्येक ठिपक्याची उजळता एका बाइटमध्ये, ० म्हणजे काळा आणि २५५ म्हणजे पांढरा अशी, सरळ हाती येते. फाइलच्या आरंभी पी हे रोमन अक्षर आणि ५ हा अंक असतो. त्यानंतर रुंदी, उंची आणि कमाल मूल्य हे तीन आकडे येतात, आणि लगेच ठिपके सुरू होतात.

फाइलच्या आरंभीचा हा मथळा दिसतो तितका निरुपद्रवी नाही. गिंपसारखे प्रोग्राम त्यात हॅश चिन्हाने सुरू होणारी टिप्पणीची ओळ घालतात, त्यामुळे केवळ एफस्कॅनएफवर विसंबणारा प्रोग्राम तेथेच अडखळतो. याहून फसवी गोष्ट पुढे आहे. कमाल मूल्यानंतर नेमके एकच मोकळे अक्षर ओलांडायचे असते. एफस्कॅनएफच्या साच्यात शेवटी मोकळी जागा किंवा नवी ओळ ठेवली, तर ते फंक्शन पुढची सगळी मोकळी अक्षरे गिळते, आणि पहिल्याच ठिपक्यांचे मूल्य १० किंवा ३२ असेल तर तेही त्यात जातात. मग सारे चित्र सरकते आणि शेवटचे बाइट कमी पडतात. म्हणून मथळा गेटसीने एकेक अक्षर घेत वाचणारे छोटे फंक्शन लिहिणे मला अधिक भरवशाचे वाटते. विंडोजवर फाइल बायनरी पद्धतीनेच उघडावी, नाहीतर ठिपक्यांतील २६ हे मूल्य फाइलचा शेवट समजले जाऊ शकते.

ठिपक्यांसाठी अनसाइन्ड कॅर वापरावा. नुसता कॅर काही यंत्रांवर ऋण मूल्येही धरतो, आणि तेथे पांढराशुभ्र २५५ हा −१ होऊन सर्वांत काळा ठरतो. रुंदी आणि उंची यांचा गुणाकार साइझ टी प्रकारात करावा आणि मॅलॉकने रिकामा पॉइंटर दिला का, ते तपासावे. त्रुटीचे संदेश स्टँडर्ड एररवर पाठवावेत, कारण स्टँडर्ड आउटपुटवरून चित्र जात असते. येथवर आल्यावर काहीही न बदलता फाइल वाचून तशीच लिहिणारा प्रोग्राम तयार करावा, आणि टिप्पणी नसलेल्या साध्या फाइलवर आतले व बाहेरचे बाइट सीएमपी कमांडने ताडून पाहावेत.

आता मुख्य काम. साऱ्या पानाला एकच उंबरठा लावून त्याखालचे काळे, वरचे पांढरे करणे सर्वांत सोपे असते, आणि तो उंबरठा उजळतेच्या वितरणावरून आपोआप निवडण्याची रीत नोबुयुकी ओत्सु यांनी १९७९ साली मांडलेली आहे. सपाट, एकसारख्या कागदावर ती उत्तम चालते. घडीच्या सावलीतला कागद मात्र उजेडातल्या पुसट शाईपेक्षाही काळा असू शकतो, आणि तेथे कोणताही एकच आकडा पुरा पडत नाही. म्हणून प्रत्येक ठिपका त्याच्याभोवतीच्या चौकोनी खिडकीच्या सरासरीशी ताडावा आणि तो सरासरीपेक्षा ठरावीक टक्क्यांनी अधिक काळा असेल, तरच त्याला शाई मानावे. आरंभाला खिडकी पानाच्या रुंदीच्या आठव्या भागाएवढी आणि फरक १५ टक्के ठेवावा. हे दोन्ही आकडे कमांड लाइनवरून घ्यावेत, तेही एटूआयने नव्हे तर स्ट्रटॉलने, कारण एटूआय चुकीच्या मजकुरालाही मुकाट्याने ० म्हणते.

दर ठिपक्याला खिडकीची बेरीज नव्याने केल्यास प्रोग्राम रेंगाळेल. त्याऐवजी संचयी बेरजेचा तक्ता करावा, ज्याच्या प्रत्येक घरात वरच्या डाव्या कोपऱ्यापासून तेथपर्यंतच्या आयताची बेरीज असते. मग कोणत्याही खिडकीची बेरीज चार घरांच्या बेरीज-वजाबाकीने मिळते. तक्त्याला वर एक ओळ आणि डावीकडे एक स्तंभ शून्यांचा ठेवला, की त्या दोन कडांसाठी वेगळ्या अटी लिहाव्या लागत नाहीत. खिडकी पानाबाहेर गेली, तर तिची टोके पानाच्या कडेशी छाटावीत आणि उरलेले ठिपके मोजूनच सरासरी काढावी. तक्त्याचा प्रकार मात्र जपून निवडावा. ए४ पान ३०० डीपीआयने स्कॅन केले, तर २४८० गुणिले ३५०८, म्हणजे ८६,९९,८४० ठिपके होतात. ते सारे पांढरे असल्यास बेरीज २२१ कोटींच्या वर जाते, आणि ३२ बिटांच्या इंटची मर्यादा २१४ कोटींच्या आसपासच संपते. ६४ बिटांचा पूर्णांक घेतल्यास तक्ता सुमारे ७० एमबी जागा घेतो, आणि आजच्या यंत्राला ती जड नाही.

टक्का ठरवताना मोडीची शिरोरेषा उपयोगी पडते. ती ओळभर आधी ओढून अक्षरे तिच्याखाली लिहिण्याचा प्रघात होता. बाहेर आलेल्या चित्रात ती जागोजागी तुटली, तर टक्का कमी करावा, आणि कागदाचे रवे काळ्या ठिपक्यांसारखे उमटले, तर वाढवावा.

निकाल पीबीएममध्ये, म्हणजे पी आणि ४ या मथळ्याने लिहिल्यास प्रत्येक ठिपका एका बिटात मावतो आणि वरचे पान सुमारे ११ लाख बाइटांत बसते. येथे कमाल मूल्य लिहायचे नसते आणि १ म्हणजे काळा असतो, पीजीएमच्या नेमके उलट. बाइट वरच्या बिटापासून भरायचा असतो आणि प्रत्येक ओळ नव्या बाइटपासून सुरू व्हावी लागते. २४८० ला ८ ने निःशेष भाग जात असल्याने ओळ नव्या बाइटपासून सुरू न करण्याची चूक ए४ पानावर दडून राहते. म्हणून २४८१ रुंदीचे चित्रही चालवून पाहावे आणि प्रत्येक ओळीला ३११ बाइट जातात, याची खात्री करावी.