मावशी ठेवण्याआधी

घरी आजारी, म्हाताऱ्या माणसाची देखभाल करायला मावशी पुरवणाऱ्या ब्युरोला फोन लावण्याआधी वही घ्या आणि ज्यांच्यासाठी माणूस हवाय त्यांचा एक अख्खा दिवस, रात्रीसकट, लिहून काढा. संडासला कोणाच्या आधाराने जातात, भाकरी दुधात कुस्करून लागते का, रात्री किती वेळा हाक मारतात. सासूबाईंना खुब्याच्या ऑपरेशननंतर घरी आणलं तेव्हा आम्ही ‘बारा तासांची बाई पाठवा’ एवढंच सांगितलं. आली ती दिवसपाळीची. दिवसा घरात आम्ही तिघं होतो. हाल व्हायचे ते रात्री दोन ते पाच. हे उमगेपर्यंत महिन्याचे पैसे आगाऊ भरून बसलो होतो.

मावशी हवी की नर्स, हेही वहीच सांगते. अंघोळ, डायपर, चालवणं मावशी करते. नाकातली नळी, लघवीची नळी किंवा जखमेचं ड्रेसिंग असेल तर एएनएम किंवा जीएनएम हा नर्सिंगचा कोर्स झालेली मागा आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी बघा. ‘आमची सिस्टर सगळं करते’ यावर जाऊ नका. पहिल्याच दिवशी तुमच्यासमोर पलंगावरून खुर्चीत बसवायला सांगा. काखेत हात घालून ओढणारी असेल तर दुसरी मागा.

सोलापुरात भाषा विचारायचीच. विसराळूपणा वाढला की मागाहून शिकलेली मराठी आधी जाते, उरते ती घरची तेलुगू नाहीतर कन्नड. आमच्या शेजारच्या आजी ‘नीळ्ळु, नीळ्ळु’ म्हणत होत्या आणि मावशी कपाटात निळं लुगडं शोधत होती. आजींना पाणी हवं होतं.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलायची. वेळांचा कागद भिंतीवर लावा आणि मावशीला खूण करायला सांगा. एअरबेड आणलात तर वीज गेल्यावर पंपाचं काय, ते आधी बघा. वर सोलापुरी चादर नको, जाड वीण बोचते. धुवट सुती कापड घाला. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो, तेव्हा घामाने पाठ भिजते. रोज पाठ उघडी करून बघा, लाली दिसली की डॉक्टरांना सांगा.

पैशाचं लिहून घ्या: दर, ब्युरोचं कमिशन, रिक्षाभाडं, जेवण, सुट्टीत बदली कोण. आधारची प्रत आणि पोलीस पडताळणी ओळखीतली बाई असली तरी करा. सत्तरीपुढच्यांना आयुष्मान कार्डावर वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार मिळतात, पण ते दवाखान्यात दाखल झाल्यावर. मावशीचा पगार त्यात बसत नाही. ज्येष्ठांसाठीची 14567 ही हेल्पलाइन मात्र फ्रिजवर चिकटवून ठेवा.

नळाला पाणी येण्याचा दिवस मावशीला आधीच सांगा. भरणं तिचं काम नाही, पण पलंगावरची अंघोळ त्या दिवशी ठरवता येते. आणि जानेवारीत गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा असते. संक्रांतीच्या आठवड्यात मावशी सुट्टी मागणारच, बदलीचीही मागणारच. ते दिवस आत्ताच कॅलेंडरवर खुणावा आणि नणंदेला कळवून ठेवा.