जिल्हा श्रीला उतरायचंय? मग दसऱ्यालाच कामाला लाग

जिल्हा श्री म्हणजे जिल्ह्याची बॉडीबिल्डिंग स्पर्धा. जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीत तिच्या स्टेजवर उभं राहायचं असेल, तर दसऱ्याला सुरुवात कर. चौदा ते सोळा आठवडे हातात पाहिजेत. सांगलीत विश्रामबागच्या बाजूला माझी छोटी जिम आहे. दिवाळीचा फराळ संपला की पोरं दारात येतात, "सर, कटिंग करायचंय, दहा किलो उतरवायचंय." कटिंग म्हणजे स्पर्धेआधी चरबी उतरवणं. उरलेल्या दहा-बारा आठवड्यांत दहा किलो उतरतातही. पण त्यात चरबी किती आणि मांडीचा, पाठीचा मसल किती गेला, ते लाइटखाली सगळ्यांना दिसतं. तयारीच्या दिवसांत मसल वाढत नसतो, कमावलेला वाचवायचा असतो. पुढचं सगळं याच हिशोबाने सांगतोय.

वजन आठवड्याला अर्धा ते एक टक्का उतरलं पाहिजे. तू ७२ किलोचा असशील तर साधारण ४०० ते ७०० ग्रॅम. रोज सकाळी पोट साफ झाल्यावर, पाणीसुद्धा न पिता वजन कर आणि आठवड्याची सरासरी काढ. एका दिवसाच्या आकड्यावर जाऊ नको. रात्री लोणचं-पापड झालं की सकाळी काटा वर दिसतोच, ते पाणी असतं. दर रविवारी त्याच जागी, त्याच उजेडात पुढून, बाजूने आणि मागून फोटो काढ. मागून काढायला कंटाळा करू नको.

आपल्या भागात तालमीचा वारसा मोठा. हिंदकेसरी मारुती माने यांचं कवठेपिरान इथून जवळच. त्यामुळे घरात खुराक म्हटलं की दूध, तूप आणि बदामाची थंडाई. पैलवान सकाळ-संध्याकाळ घाम गाळतो, लढतो, त्याला ते लागतं. तुला चरबी उतरवायचीय आणि तुपाचा एक मोठा चमचा म्हणजे सव्वाशेच्या आसपास कॅलरी. आजोबांशी वाद घालू नको. स्पर्धा झाली की तुमच्या हातची थंडाई पितो म्हण, ते ऐकतात.

आता आकडे. ७२ किलोचा, रोज व्यायाम करणारा पोरगा साधारण २४०० कॅलरीवर वजन टिकवून असतो. तिथून ४०० कमी करून २००० वर सुरू कर. प्रोटीन किलोमागे दोन ग्रॅमच्या थोडं वर, म्हणजे १५० ग्रॅम. फॅट ५५ ग्रॅम. याच्या फार खाली गेलास की झोप, मूड, हार्मोन सगळं बिघडतं. उरलेल्या कॅलरीत सव्वादोनशे ग्रॅम कार्ब, म्हणजे कार्बोहायड्रेट, बसतात. दोन आठवडे वजनाची सरासरी हललीच नाही तरच शंभर-दीडशे कॅलरी काढ, त्याही कार्बमधून.

दीडशे ग्रॅम प्रोटीन ऐकून पोरं डब्याच्या पावडरी मोजायला लागतात. कच्चं ३०० ग्रॅम चिकन ब्रेस्ट घेतलं की ६५-७० ग्रॅम झालं. दोन अख्खी अंडी आणि सहा अंड्यांचा पांढरा भाग, ३३ ग्रॅम. व्हेचा, म्हणजे दुधापासून केलेल्या प्रोटीन पावडरचा, एक स्कूप २४. वाटीभर दही, मटकीची उसळ आणि भाकरी यांतून बाकीचं येतं. बजेट नसेल तर स्कूप काढून टाक आणि सोयाबीन वडी घे. ५० ग्रॅम सुक्या वडीत पंचवीसेक ग्रॅम प्रोटीन असतं.

भाकरी सोडायची अजिबात गरज नाही. फक्त पीठ मोजायचं. भाजलेल्या भाकरीत पाणी किती उरलंय त्यावर तिचं वजन बदलतं, म्हणून सुकं पीठच काट्यावर ठेवायचं. माझ्याकडच्या एका पोराच्या आईने पितळी वाटीला आतून खिळ्याने रेघ ओढून घेतली होती. त्या रेघेपर्यंत ज्वारीचं पीठ ७० ग्रॅम, कार्ब ५० च्या आसपास. ती वाटी पिठाच्या डब्यातच असायची, दुसऱ्या कुणी तिला हात लावायचा नाही. त्या माउलीला कॅलरी हा शब्द माहीत नव्हता, पण पूर्ण तयारीत तिच्या भाकरीत फरक पडला नाही. घरच्यांना असं सोबत घे. वेगळा डबा, वेगळी चूल करून चार महिने निघत नाहीत.

खरी परीक्षा उपवासाला असते. गणपतीचं गाव, संकष्टी धरणारी पोरं भरपूर. धरा, पण साबुदाण्याची खिचडी म्हणजे नुसता स्टार्च, वर शेंगदाण्याचा कूट आणि तूप. त्यापेक्षा दही, ताक, साय काढलेलं दूध, व्हे आणि एखादं रताळं घे. दिवाळीला लक्ष्मीपूजनाच्या दिवशी एक ताट आनंदाने खा, उरलेला फराळ डोळ्यांसमोर ठेवू नको.

व्यायामात एकच सांगतो, वजनं हलकी करू नको. कटिंग म्हटलं की हलकं वजन आणि एका दमात वीस-पंचवीस रेप्स (वेळा उचलणं), हे खूळ कुठून आलं कुणास ठाऊक. ज्या ताकदीने मसल आला त्याच ताकदीने तो टिकतो. सेट थोडे कमी झाले तर चालतील. कार्डिओ चढावर चालण्यापासून, २५ मिनिटं. सकाळी आमराईत फेऱ्या मारल्या तरी चालतं. शेवटच्या महिन्यात ४०-४५ मिनिटांवर ने. पायांचा दिवस चुकवू नको.

पोझिंग हा विषय मला जवळचा आहे, कारण स्पर्धा तिथे जिंकली आणि हरली जाते. बॉडीबिल्डिंगच्या सात पोझ आहेत: फ्रंट डबल बायसेप्स, फ्रंट लॅट स्प्रेड, साइड चेस्ट, बॅक डबल बायसेप्स, बॅक लॅट स्प्रेड, साइड ट्रायसेप्स आणि अ‍ॅब्डॉमिनल-थाय. प्रत्येक पोझ पायापासून बांधायची. आधी टाच, पोटरी, मांडी आवळायची, मग पोट, मग हात. पोरं उलटं करतात, दंड फुगवतात आणि खाली मांड्या लोळत असतात. बॅक डबल बायसेप्समध्ये एक पाय मागे घेऊन चवड्यावर दाब, पोटरी आणि मांडीमागचा हॅमस्ट्रिंग उठतात. वरचं अंग किंचित मागे झुकव, कोपरं पुढे जाऊ देऊ नको. दोन महिने आधीपासून रोज पंधरा मिनिटं सराव कर, प्रत्येक पोझ २० सेकंद धरून, श्वास न रोखता. शेवटचे तीन आठवडे आरशाशिवाय कर, स्टेजवर आरसा नसतो. आणि रांगेत उभा असताना नाव पुकारलं नसलं तरी पोट सैल सोडू नको, जजची नजर तिथेही असते.

आता जे बोलायला कुणी तयार नसतं ते. जिममध्ये इंजेक्शन फिरतात. त्यातलं मेफेंटरमाइन हे ऑपरेशनमध्ये भूल दिल्यावर उतरलेलं बीपी चढवायचं औषध आहे, वर्कआउटचं नाही. पाणी काढायच्या गोळ्यांनी पोटॅशियम ढासळतं आणि हृदयाचे ठोके बिघडतात. असलं काही घेणाऱ्याला मी जिममध्ये ठेवत नाही, मग तो कितीही मोठा खेळाडू असो. पोरांनो, तुमच्या आईबापाकडे बघा.

शेवटच्या आठवड्यात पाणी आणि मीठ तोडू नको. मसलमध्ये तीन चतुर्थांश पाणीच असतं. ते काढलंस तर मसल सपाट पडतो. नेहमीइतकं पाणी, नेहमीइतकं मीठ. फक्त शेवटचे दोन दिवस कार्ब वाढव, किलोमागे पाच-सहा ग्रॅम, भात आणि बटाट्यातून. याची एक रंगीत तालीम तीन आठवडे आधी करून बघ, अंग कसं दिसतं ते कळेल. वजनगट बहुतेक ठिकाणी पाच-पाच किलोच्या अंतराने असतात. खालच्या गटासाठी शेवटच्या रात्री उपाशी राहू नको. आधार कार्ड बॅगेत आधीच टाक.

अंगावरचे केस दोन दिवस आधी काढ, म्हणजे पुरळ बसायला वेळ मिळतो. स्टेजसाठी अंगाला लावायच्या गडद रंगाचे दोन हात आदल्या रात्री, जुन्या चादरीवर झोप. स्टेजमागे खायला परदेशी राइस केक शोधत फिरू नको. आपले साधे चुरमुरे आणि गुळाचा खडा तेच काम करतात. भडंग मात्र नको, त्यात तेल आणि शेंगदाणे. आत जाण्याआधी रबर बँड आणि पुशअपने दंड, खांदे, पाठ भर, म्हणजे रक्त चढून ते फुगतात. मांड्या भरायला जाऊ नको, मग त्यांना आवळता येत नाही.

निकाल लागल्यावर जज मोकळे झाले की जाऊन विचार, सर, कुठे कमी पडलो? ते त्याच रात्री लिहून ठेव. मग भावा, आवडीचं एक जेवण कर, आणि दुसऱ्या दिवसापासून दर आठवड्याला दोनशे-दोनशे कॅलरी चढव. जे पोरगं स्पर्धेनंतर आठवडाभर मटण आणि बासुंदीवर तुटून पडतं, त्याचे पाय सुजतात. उन्हाळ्याभर वजन हळूहळू चढव आणि जजनी सांगितलेल्या भागावर आठवड्यातून दोन दिवस दे.