हाताला कळतील असे कपडे कसे शिवायचे

ज्यांना दिसत नाही किंवा कमी दिसतं त्यांच्यासाठी शिवताय, तर सुरुवात मागच्या गळ्यापासून करा. हल्ली बऱ्याच टीशर्ट-कुर्त्यांना लेबल शिवत नाहीत, छापतात, ते हाताला लागतच नाही, मग पुढचं-मागचं कळणार कसं? मागच्या गळ्याला आतून छोटी जाड पट्टी किंवा सपाट बटण शिवा, आणि प्रत्येक कपड्याला त्याच जागी. सलवार-पायजम्याला नेफ्याच्या मागे.

मग रंग. इथे सगळ्यांना एकदम ब्रेल आठवतं आणि मग छातीवर मोठं मोठं ब्रेल भरतकाम होतं. प्लीज नका करू. ब्रेलचं एक अक्षर सहा ठिपक्यांच्या चौकटीत बसतं, शेजारच्या ठिपक्यांत अंतर साधारण अडीच मिलिमीटर, म्हणजे अख्खं अक्षर एका बोटाच्या टोकाखाली येतं, ते मोठं केलं की नक्षी उरते, वाचता येत नाही. शिवाय मोठेपणी नजर गेलेल्या बऱ्याच जणांना ब्रेल येतही नाही. त्यापेक्षा डाव्या बाजूच्या शिवणीवर आतून गाठी घाला, एक म्हणजे पांढरा, दोन म्हणजे काळा असं काहीतरी, पण हा कोड तुम्ही ठरवू नका, ज्याचं कपाट त्याला ठरवू द्या. जाड दोऱ्याचे फ्रेंच नॉट (सुईला दोरा गुंडाळून घातलेल्या गाठी) किंवा काचेचे मणी चालतात. लोखंडी टिकल्या आपल्या पावसाळ्यात गंजतात आणि प्लॅस्टिकचे मणी इस्त्रीखाली वितळतात. इस्त्री करताना खाली जाड टॉवेल घालायला सांगा नाहीतर गाठी चपट्या होतात.

बऱ्याच जणांची थोडी नजर शिल्लक असते, हे टेलर लोक विसरतातच. काळ्या शर्टावर काळी बटणं, काळीच काजं, कशी सापडणार? काजाला फिका दोरा घ्या, खिशाच्या तोंडाला आणि बाहीच्या कडेला उठून दिसेल अशी पायपिंग द्या. वरचं पहिलं बटण वेगळ्या आकाराचं ठेवलं तर एक काज चुकून पुढचं सगळं वाकडं होत नाही.

खिसे खोल आणि चेनवाले हवेत, विरार फास्ट लोकलच्या गर्दीत एका हातात काठी असते, मोबाइल सांभाळायला दुसरा हात मोकळा नसतो. घडीच्या पांढऱ्या काठीसाठी लांब खिसा देणार असाल तर काठी मागवून मापच घ्या, अंदाजाने नको. लोंबणारे लटकन टाळा.

ट्रायल घेताना ‘आवडलं का’ एवढंच विचारून थांबू नका. कपडा उलटा करून हातात द्या, काही सांगू नका, आणि घालायला सांगा. हात कुठे अडतो ते बघा, तिथेच बदल करायचा. ट्रायलसाठी ओळखीचं कोणी नसेल तर मुंबईत वरळीला नॅब (नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड) आहे, 1952 पासून काम करतंय, किंवा तिथल्याच झेवियर्स कॉलेजचं दृष्टिबाधितांसाठीचं रिसोर्स सेंटर आहे, आधी फोन करून रीतसर विचारा आणि जो माणूस वेळ देईल त्याला त्याचे पैसे द्या, कारण तो तुमचं डिझाइन सुधारतोय, हे कामच आहे.

ऑनलाइन विकत असाल तर फोटोखाली नीट लिहा. ‘वाइन कलर, ट्रेंडी’ पुरत नाही. ‘गडद लालसर जांभळा, मऊ सुती, गळ्याला हाताला लागणारं कच्छी भरतकाम, पांढऱ्या सलवारीवर जातं’ असं लिहिलं की स्क्रीन रीडरवर (स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) ऐकणारा माणूस स्वतःच ठरवू शकतो, घ्यायचं की नाही.