‘डिंपल’ या शब्दाचा अर्थ आणि उगम कसा शोधावा

शब्दाचा माग काढताना आधी त्याचा आजचा अर्थ नेमका ठरवावा. ‘डिंपल’ म्हणजे गालावर किंवा हनुवटीवर पडणारी खळी. गालावरची खळी बहुधा हसल्यावरच उमटते. ओठांचा कोपरा वर खेचणारा स्नायू दुभंगलेला असणे हे तिचे सामान्यतः सांगितले जाणारे कारण आहे.

मग व्युत्पत्तिकोशात शब्दाचे जुने रूप पाहावे. इंग्रजीत तो साधारण १४०० च्या सुमारास आढळतो. यापुढची पायरी मला सर्वांत मोलाची वाटते, ती म्हणजे भगिनीभाषांत, म्हणजे एकाच मूळ भाषेतून निघालेल्या भाषांत, डोकावण्याची. जुन्या उच्च जर्मनमध्ये (आजच्या जर्मनच्या प्राचीन रूपात) याच कुळातला मानला जाणारा ‘टुम्फिलो’ हा शब्द पाण्यातल्या भोवऱ्यासाठी होता आणि आजच्या जर्मनमधील ‘ट्युम्पेल’ म्हणजे डबके. त्यामुळे मूळ कल्पना खोलगट जागेची असावी, असे अनुमान निघते. भोवऱ्याच्या मधोमध पाणी आत ओढले जाते, तसाच हसताना गाल क्षणभर आत ओढला जातो, हे साम्य खरोखर विलक्षण आहे.

शेवटी विस्तारलेले अर्थ तपासावेत. गोल्फच्या चेंडूवरील खळग्यांनाही ‘डिंपल’च म्हणतात. मराठीतही ‘खळी’ आणि ‘खळगा’ हे शब्द शेजारी ठेवून पाहावेत.